संदर्भ: गूगल

डीएनएवरच्या प्रकल्पाच्या शेवटी मी संदर्भ म्हणून बिनधास्त लिहिलं होतं, ‘गूगल, विकिपीडिया’. बाईंनी त्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि बाजूला एवढंच लिहिलं, ‘म्हणजे कुठे?’

डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्राखाली मी त्याची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांची नावं टाकली होती. विकिपीडियाच्या तळटिपेचा तो बारीक आकडा दाबून मूळ शोधनिबंधापर्यंत गेले, तेव्हा घोळ कळला. ‘नेचर’ हे विज्ञान नियतकालिक, १९५३, खंड १७१. वॉटसन-क्रिक पान ७३७ वर, पण ते छायाचित्र फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांच्या निबंधात, पान ७४० पासून पुढे. अंक एकच, माणसं वेगळी!

मग सगळं नव्याने केलं. माहिती आली की तिथेच कंसात आडनाव आणि वर्ष. शेवटी पूर्ण नोंद: लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं. डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तिथे तोच दिला, कारण वेबपत्ता बदलला तरी तो चालतो. वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ लागतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.

यादीतला एक भारदस्त निबंध मी उघडलासुद्धा नव्हता. तो मुकाट्याने काढून टाकला.