फ्लाइंग स्कूलला पैसे भरायच्या आधी

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या तिसऱ्या घरातून तोच फोन आला, मुलाला पायलट व्हायचंय, स्कूल कुठलं बघू? म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. आमच्या पोराचं लायसन झालं, पण मधे एक स्कूल सोडून दुसरीकडे जावं लागलं, त्यामुळे यातलं निम्मं ठेच लागून आलेलं आहे.

सगळ्यात आधी मेडिकल. ब्रोशर, ओपन डे, करिअर कौन्सेलिंग सगळं नंतर. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, म्हणजे पहिली तपासणी, करून घ्या आणि तिथे न थांबता त्याहून कडक क्लास वनही उरकून टाका, कारण सीपीएलला (कमर्शिअल पायलटचं लायसन) क्लास वनच लागतं, आणि क्लास टूवर ॲडमिशन घेऊन पैसे भरून बसलात आणि मग क्लास वनला रंग ओळखण्यात गडबड निघाली तर कोणाच्या नावाने बोटं मोडणार? चष्म्याला घाबरू नका, चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतं.

मेडिकल चालू असतानाच कागद. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे, कॉमर्सची मुलं हे दोन विषय एनआयओएस या ओपन स्कूलमधून देतात. मार्कशीटचं बोर्डाकडून व्हेरिफिकेशन करून घ्या, आपल्याला पुण्यात शिवाजीनगरचं बोर्डाचं ऑफिस जवळ आहे तेवढं तरी सुख, ते झालं की डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर मिळतो आणि तो नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. पासपोर्ट, आधार आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा, आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव असतं आणि दुसऱ्यावर नसतं, हा घोळ घरोघरी आहे.

आता पुण्याचं. इथे 'पायलट ट्रेनिंग' असे बोर्ड भरपूर दिसतील, पण ते बहुतेक ग्राउंड क्लास, म्हणजे नुसत्या लेखी पेपरांचे क्लास, असतात. लोहगाव एअरफोर्सचा तळ, तिथे शिकाऊ विमानं उडत नाहीत, आणि हडपसरचं ते ग्लायडिंग सेंटर, तिथे सीपीएल होत नाही. म्हणजे उडायला पुण्याबाहेर जायचंच. तरी ग्राउंड क्लास वाईट नाही हां, उलट नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर (पासिंग ७० टक्के!) घरचा डबा खात इथेच काढून मग फ्लाइंगला गेलं तर तिकडे डोक्यावरचं ओझं कमी होतं. आमचा गेला तेव्हा दोन पेपर बाकी होते, दिवसभर विमानांपाशी रॅम्पवर आणि रात्री पुस्तक, वैतागला नुसता.

स्कूल बघताना पहिलं काम म्हणजे डीजीसीएच्या साइटवरच्या मान्यताप्राप्त एफटीओच्या (फ्लाइंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे फ्लाइंग स्कूल) यादीत नाव आहे का आणि मान्यता कधीपर्यंत आहे ते बघणं. २०२५ पासून डीजीसीए स्कूलांना ए प्लस प्लस ते सी अशी श्रेणीही द्यायला लागलंय, तीही बघा, पण तेवढ्यावर पैसे भरू नका.

कारण खरा हिशोब तासांचा आहे. सीपीएलला २०० तास लागतात, त्यात १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, शिवाय ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री (लांबचा प्रवास), रात्रीचं फ्लाइंग, इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर उडणं), सगळं आलं. महिन्याला २० तास मिळाले तर १० महिन्यात सुटलात, ८ मिळाले तर दोन वर्षांच्या वर जातात, आणि तोपर्यंत हॉस्टेल, मेस, मेडिकलचं रिन्यूअल चालूच, आणि स्किल टेस्ट (विमान उडवून द्यायच्या परीक्षा) जुन्या झाल्या की परत द्याव्या लागतात ते वेगळंच. म्हणून "कोर्स किती महिन्यांचा?" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा की गेल्या वर्षी जॉइन झालेल्या मुलांचे आज किती तास झालेत. आणि हे ऑफिसात नाही, मुलांना विचारा. मेसमधे, गेटवर, सीनिअर मुलं खरं सांगतात, फार वैतागलेला असेल तर लॉगबुकही (तासांची नोंदवही) दाखवतो.

मी नंतर शहाणा होऊन जे केलं ते सांगतो. पहाटे निघालो (बारामतीचं स्कूल आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येतं), सकाळी हवा शांत असते म्हणून फ्लाइंग जोरात असतं, तेव्हा धावपट्टी जिथून दिसते तिथे बाहेर उभं राहायचं आणि विमानांच्या अंगावर व्हीटी करून जी अक्षरं असतात ती वहीत लिहायची. मोजायची नाहीत, लिहायची! एकच विमान धावपट्टीभोवती सर्किट मारत दहा वेळा उतरतं आणि आपल्याला वाटतं काय गर्दी आहे. ब्रोशरमधे १२ विमानं आणि तीन तासांत वहीत चारच नंबर आले तर उरलेली आठ कुठे ते आत जाऊन विचारायचं. हँगरमधे इंजिन काढून ठेवलेलं विमान एखादं असतंच, चार असली तर पार्ट येत नाहीयेत किंवा इंजिनिअर कमी आहेत समजा. इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षात सोडून किती गेले, सीएफआय (मुख्य इन्स्ट्रक्टर) तिथे पूर्ण वेळ असतो का, एका विमानामागे किती मुलं, हेही विचारा. विमान सेसना १७२ आहे का डायमंड आहे यावर पोरं तासन् तास भांडतात, माझ्या मते जे रोज उडतं ते चांगलं.

हवामान विसरू नका. बारामतीकडे पाऊस कमी म्हणून पोरं जातात, पण आषाढात ढग खाली आले की तिथेही बसूनच. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला इग्रुआ हे सरकारी फ्लाइंग स्कूल आहे, एंट्रन्स देऊन जायचं, नाव मोठं, पण हिवाळ्यात धुकं. गोंदियालाही स्कूल आहे, तेही बघून या.

पैसे. आज भारतात साधारण ४५ ते ६० लाख धरून चला, आणि टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनच्या ए३२० वगैरे विमानाचं ट्रेनिंग, ते याच्या वर. आमची चूक अशी की एकरकमी भरलं तर डिस्काउंट म्हणून पहिल्या स्कूलला मोठी रक्कम आधीच देऊन बसलो, पुढे विमानं उडायची थांबून जमिनीवरच उभी राहिली आणि सात महिन्यांत पोराचे ३१ तास झाले. परत मिळालं ते निम्मंही नाही, कारण रिफंडचं जे बोलणं झालं ते तोंडी. तेव्हा हप्ते तासांना बांधून घ्या, ४० तास झाले की पुढचा हप्ता असं, आणि लेखी. जास्तीचे तास लागले तर दर काय, मल्टी इंजिन (दोन इंजिनांच्या विमानाचं फ्लाइंग) धरलंय का, पेट्रोल वाढलं तर कोण भरणार, स्किल टेस्टला विमान कोणाचं, सगळं त्याच कागदावर. बिलात जीएसटी लावला तर विचारा, मान्यताप्राप्त एफटीओच्या मान्य फ्लाइंग कोर्सला तो लागत नाही, हे जीएसटी कौन्सिलने २०२४ मधेच स्पष्ट केलंय.

परदेशात तास लवकर होतात हे खरं, पण परत आल्यावर डीजीसीएचे पेपर आणि तिकडचं लायसन इथलं करून घ्यायला कन्व्हर्जनचं फ्लाइंग आहेच, तो खर्च एजंट सांगत नाही, तुम्ही धरा.

आणि "हंड्रेड परसेंट प्लेसमेंट" कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. भरती एअरलाइन करते, आपली परीक्षा घेऊन करते. २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, २०२३ ला गो फर्स्ट, तेव्हा हजारो तासवाले कॅप्टन रांगेत होते, आपल्या २०० तासवाल्याला कोण विचारणार? एकदोन वर्षं घरी बसायची वेळ आली तर कर्जाचा हप्ता कुठून जाईल ते फॉर्म भरायच्या आधीच बायकोबरोबर बसून लिहून काढा, आम्ही ते फ्लॅट तारण ठेवून झाल्यावर केलं.

जाताना वही, टोपी, पाण्याची बाटली. आणि पोराला बरोबर न्या, नंबर त्यालाच लिहू द्या, तीन तास उन्हात उभं राहून तो कंटाळतो का तेही बघून होतं.