मृत्युपत्रासाठी वकिलाकडे जाताना

वकिलाकडे जाण्याआधी घरच्या मालमत्तेचा एक तक्ता करा: सातबारा, फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँक ठेवी, डीमॅट, विमा. प्रत्येकापुढे मालक कोण आणि नॉमिनी कोण, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. हा दुसरा रकाना कंटाळा न करता भराच. अनेकांना वाटतं, नॉमिनी लावला की काम झालं. पण नॉमिनी सहसा फक्त पैसे किंवा ताबा स्वीकारणारा असतो, मालकी वारसांकडे जाते. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. मृत्युपत्रात मुलीचं नाव आणि नॉमिनी म्हणून पुतण्या, अशी विसंगती असेल तर ती आजच वकिलाला दाखवा.

जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हेही स्पष्ट सांगा. वडिलोपार्जित मालमत्तेत तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

दोन साक्षीदार लागतात. ते वयाने तुमच्याहून लहान, सहज सापडतील असे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडा. तुमचं वय जास्त असेल तर सही करण्याच्या दिवशीचा, मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी बंधनकारक नाही, तरी मी ती करायलाच सांगेन. महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

घरात दिव्यांग मूल असेल, तर नुसत्या मृत्युपत्रावर थांबू नका. खासगी ट्रस्टबद्दल, म्हणजे मुलासाठी मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवण्याच्या व्यवस्थेबद्दल विचारा, आणि विश्वस्तांनंतर कोण, हे त्यातच लिहून घ्या.