पेटीवर भारुडाची नवी चाल कशी बसवली: माझा अनुभव

नाथषष्ठीला पैठणला गेलं की एखादं नवं भारूड कानावर पडतंच, आणि ते आपल्या गावच्या भजनात यावं असं फार वाटतं. अडचण एकच होती. चाल पेटीवर घेतली की तिचा डौल जायचा. स्वर बरोबर, पण भारूड वाटायचं नाही.

इलाज आमच्या पखवाजवाल्या काकांनी सांगितला: आधी पेटी बंद. चाल तोंडपाठ होईपर्यंत नुसती टाळी धरून गायची. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आणतो आणि वेग पाऊणपट करून ऐकतो. बहुतेक ॲपमध्ये वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते. ध्रुवपद गळ्यात बसलं की मग सा शोधायचा.

खरी गोम पुढे आहे. पेटीचे स्वर ठरलेले, गळ्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यावर निघत नाही. ती भराभर बोटं फिरवून काढायला गेलं की चाल विस्कटते. म्हणून मी फक्त ठहरावाचे स्वर धरतो, मधली वळणं गाणाऱ्यावर सोडतो आणि जोर भात्याने देतो. धुमाळी तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की हवा जरा जास्त. कपलर, म्हणजे एका स्वराबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारी पेटीतली सोय, बंदच ठेवतो. जोडस्वर वाजले की शब्द बुडतात, आणि नाथांच्या भारुडात शब्द बुडून कसं चालेल?

कडव्याची चाल वेगळी असेल तर ती दुसऱ्या दिवशी घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्या तर एकमेकींत मिसळतात.