सांधेरोपणानंतर फुफ्फुसात गुठळी : घरी आल्यावरचे तीन महिने कसे काढावेत

गुडघ्याचे किंवा खुब्याचे रोपण झालेल्या माणसाच्या घरात सगळे बोलणे सांध्याभोवती फिरते: पाय किती वाकला, टाके कधी काढायचे, वॉकर सोडून काठी कधी घ्यायची. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली आणि तिच्यावर उपचार होऊन रुग्ण घरी आला, तरी हे बोलणे फारसे बदलत नाही, कारण सांध्याची प्रगती रोज डोळ्यांना दिसते आणि गुठळीची दिसत नाही. माझे मत असे की घरात आता दोन स्वतंत्र कामे चालू आहेत हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे आणि गुठळीच्या कामाची जबाबदारी एकाच व्यक्तीने नावानिशी घ्यावी. मुलगा, सून, मुलगी आणि शेजारच्या काकू असे चौघे मिळून गोळ्या सांभाळू लागले, की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने दिली असेल.

रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळी होण्याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातले जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशो यांच्या नावाने ओळखली जातात, आणि सांधेरोपणात ती तिन्ही एकाच वेळी हजर असतात. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटली, तर ती मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. डॉक्टर तिला पल्मनरी एम्बोलिझम किंवा थोडक्यात पीई म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या किंवा इंजेक्शने हा धोका पुष्कळ कमी करतात, पण पूर्णपणे मिटवत नाहीत. त्यामुळे ‘आईला नीट चालवले नाही म्हणून झाले’ असा दोष कुणी कुणाला देऊ नये.

रुग्णालयात काय झाले ते समजून घ्या

निदान बहुधा छातीच्या सीटी अँजिओने, म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनने, होते. गुठळी असावी का याचा अंदाज देणारी डी-डायमर ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेनंतर तशीही वाढलेली येते, म्हणून या काळात तिच्या आकड्यावर घरच्यांनी तर्क लढवू नयेत. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण आला आहे का ते दिसते, आणि तो अहवाल जपून ठेवावा, कारण तीन महिन्यांनंतर पुन्हा इको करावा लागला, तर त्याच्याशी तुलना करता येते. गुठळी विरघळवणारे जोरदार इंजेक्शन सगळ्यांना देत नाहीत. नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेच्या जागी मोठा रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ते जिवावर बेतले असेल तेव्हासाठी राखून ठेवतात. बाकीच्या रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. ही औषधे असलेली गुठळी स्वतः विरघळवत नाहीत. ती नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि आहे ती वाढू देत नाहीत, तेवढ्या अवधीत शरीर आपली आपण ती गुठळी हळूहळू जिरवते. ‘आता बरे वाटते आहे, मग गोळी कशाला’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

डिस्चार्जच्या वेळी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते औषध, कोणत्या तारखेपर्यंत किती मिलिग्रॅम, पुढची तपासणी कधी, आणि रात्री फोन कुणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, कारण सांध्याचे डॉक्टर गुडघा पाहतात आणि गुठळीचा पाठपुरावा बहुधा फिजिशियन, छातीचे किंवा हृदयाचे डॉक्टर करतात. दोघांच्या मध्ये रुग्ण लोंबकळत राहता कामा नये.

गोळ्या

सर्वांत मोठी गफलत इथे होऊ शकते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून रिव्हरोक्सॅबॅन हे रक्त पातळ करणारे औषध दिले असेल, तर त्याची मात्रा १० मिलिग्रॅम रोज एकदा असते. गुठळी झाल्यावर त्याच औषधाची उपचाराची मात्रा बहुधा पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि त्यानंतर २० मिलिग्रॅम एकदा अशी असते. अपिक्सॅबॅन असेल तर प्रतिबंधासाठी २.५ मिलिग्रॅम दोनदा, आणि उपचारासाठी पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा व पुढे ५ मिलिग्रॅम दोनदा. म्हणजे घरातल्या जुन्या पाकिटावर आणि नव्या पाकिटावर औषधाचे नाव एकच आणि ताकद वेगळी असू शकते. जुनी पाकिटे त्याच दिवशी घरातून बाजूला काढावीत, आणि आधीची ॲस्पिरिन चालू ठेवायची की थांबवायची हे स्पष्ट विचारावे. वर दिलेले आकडे आपले डिस्चार्ज कार्ड समजून घेण्यासाठी आहेत; मूत्रपिंडाचे काम, वजन आणि इतर औषधे पाहून डॉक्टर त्यात बदल करतात आणि मग कार्डावरचे तेच खरे.

मात्रा बदलण्याची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहावी आणि त्या तारखेच्या चार दिवस आधी पुढच्या ताकदीची गोळी केमिस्टकडून आणून ठेवावी. जोडून सुट्ट्या आल्या किंवा पावसाने गाड्या बंद पडल्या, तर ऐन दिवशी गोळी मिळेलच असे नाही. आता अनेक भारतीय कंपन्या या गोळ्या बनवतात आणि किमतींत फरक असतो. स्वस्त पर्याय घ्यायला हरकत नाही, पण औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून, डॉक्टरांना कळवून. विसरलेल्या गोळीचे काय करायचे याचा नियम औषधागणिक आणि टप्प्यागणिक बदलतो, म्हणून तोही आधीच लिहून घ्यावा.

रिव्हरोक्सॅबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, नाहीतर त्या नीट शोषल्या जात नाहीत. श्रावणातले सोमवार किंवा एकादशी करणाऱ्या आजींसाठी हे महत्त्वाचे आहे: नुसत्या चहावर गोळी घेऊ नये, साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ पोटभर खाऊन घ्यावी. निर्जळी उपवास तर या तीन महिन्यांत मनातही आणू नये. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल दिले असेल, तर हिशेब वेगळा असतो. त्यात आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी वारंवार करून आकडा साधारण २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. मेथी, पालक, कोथिंबीर यांतल्या के जीवनसत्त्वाने तो आकडा खाली जातो, पण म्हणून पालेभाज्या बंद करू नयेत. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात.

आता दुखण्याविषयी. रोपणानंतर गुडघा दुखतोच, आणि केमिस्टच्या काउंटरवर डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली गोळी सहज मिळते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती पोटात रक्तस्राव घडवू शकते, म्हणून डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉल सांगितलेल्या मर्यादेत चालते. स्वयंपाकातल्या हळदीने आणि लसणाने काही होत नाही, परंतु हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, गिंको या झाडाच्या पानांचा अर्क आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून येणारे काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. दवाखान्यात कंबरेवर इंजेक्शन घेण्यापूर्वी आणि दात काढण्यापूर्वीही या औषधाचे नाव सांगावे.

आणि मालीश. आपल्याकडे पाय सुजला की कोमट तेल लावून पोटरी चोळणे हा मायेचा उपचार आहे, पण खोल शिरेत गुठळी असलेली किंवा तशी शंका असलेली पोटरी कुणीही चोळू नये, कितीही जुनी आणि हातगुणाची मालीशवाली असली तरी.

कोणत्या वेळी थांबायचे नाही

अचानक वाढलेली धाप, खोल श्वास घेताना छातीत उठणारी कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ येऊन पडणे, विनाकारण धडधडणारे हृदय: यांतले काहीही झाले, तर ‘गॅस असेल, ओवा खाऊन बघू’ असे म्हणत एक तासही घालवू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असला, तरी त्यावरून गुठळी नाही असे ठरत नाही. पायाची सूज ओळखणे अवघड असते, कारण रोपण झालेला पाय काही आठवडे सुजतोच. मात्र पाय उंच ठेवून रात्रभर झोपूनही सूज उतरली नाही, किंवा पोटरी एकाएकी ताठर व दुखरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करून घ्यावे.

१०८ वर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, कोपरखैरण्याच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यात नौपाड्यातल्या कित्येक घरांना लिफ्ट नाही. धाप लागलेल्या माणसाला तीन मजले चालवत उतरवणे हा त्याच्या हृदयावर नको तेव्हा टाकलेला भार होय. फोनवरच ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ असे सांगावे, आणि उचलून उतरवण्यासाठी हात असलेली एक भक्कम खुर्ची व दोन धडधाकट शेजारी आधीच हेरून ठेवावेत. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या वेळी कापूरबावडी आणि माजिवड्याच्या वाहतुकीत किती वेळ जातो याचा अंदाज घेऊन, सीटी स्कॅन आणि आयसीयू चोवीस तास चालू असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते हे शांत डोक्याने आधी ठरवावे. शस्त्रक्रिया जिथे झाली तिथेच नेले पाहिजे असे नाही. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी दाराजवळच्या पिशवीत असावी.

रक्तस्रावाकडेही तितकेच लक्ष हवे. दात घासताना हिरडीतून थोडे रक्त आले, तर पुढच्या भेटीत सांगावे. डांबरासारखे काळे चिकट शौच, लघवीत रक्त, किंवा दहा मिनिटे नाक दाबूनही न थांबणारा घोळणा यांसाठी थेट रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतर लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनीही शौच काळे होते, पण हा निवाडा आपण करू नये. डोक्याला मार लागला, तर बाहेरून काही दिसत नसले तरी तपासून घ्यावे. रोपण केलेला सांधा अचानक फुगून ताठ व गरम झाला, तर आत रक्त साचले असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. अशा वेळी स्वतःच्या मनाने गोळी बंद न करता शल्यविशारदांना त्याच दिवशी फोन करावा.

चालणे, दम आणि भीती

गुठळी झाली म्हणून अंथरुणात पडून राहायचे, हा जुना समज आता डॉक्टर मानत नाहीत. औषध सुरू होऊन प्रकृती स्थिर झाल्यावर चालणे हिताचे असते, मात्र फिजिओथेरपिस्टला गुठळीची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे, म्हणजे ते व्यायामाचा वेग त्याप्रमाणे ठेवतील. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर वेग ठीक आहे असे समजावे; शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला, तर थांबून बसावे. बसल्या जागी दर तासाला पावले वरखाली हलवावीत. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय, आणि प्रत्येक मजल्यावर टेकायला खुर्ची. सुरुवात घरातल्या घरात, मग इमारतीच्या मोकळ्या जागेत. ठाण्यातल्या तलावपाळीच्या संध्याकाळच्या गर्दीपेक्षा उपवन तलावाकाठची किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातली सकाळ बरी, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीपेक्षा इमारतीचा व्हरांडा बरा. दाबाचे मोजे दुकानातून अंदाजाने आणू नयेत. ते हवेतच का, आणि हवे असतील तर कोणत्या मापाचे, हे विचारावे.

गणपतीला गाडीने कोकणात जायचे असेल, तर आधी डॉक्टरांचा होकार घ्यावा, आणि मिळालाच तर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. पहिल्या काही आठवड्यांत तर या वर्षी गणपती घरूनच बघायचे ठरवलेले चांगले.

दम पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्याहून चिवट असते ती भीती. रात्री छातीत जरा टोचले की माणूस उठून बसतो, ऑक्सिमीटर पुन्हा पुन्हा लावतो, झोपेत काही होईल म्हणून जागा राहतो. वडीलधारी माणसे हे बोलून दाखवत नाहीत, चिडचिड तेवढी करतात. ‘बाबा, उगाच घाबरू नका’ असे म्हणण्यापेक्षा, कोणत्या लक्षणाला काय करायचे ते मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळ लावावे आणि ऑक्सिमीटरची वेळ सकाळ-संध्याकाळ अशी ठरवून द्यावी. महिन्याभरानंतरही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही.

तीन महिन्यांनंतर

शस्त्रक्रियेसारख्या तात्पुरत्या कारणाने झालेल्या गुठळीसाठी सहसा किमान तीन महिने औषध देतात. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा दुसरे काही कारण सापडले, तर मुदत वाढते. पाकीट संपले म्हणजे उपचार संपला असे नव्हे. थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्यावा. तीन महिने औषध नीट घेऊनही जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थोड्या रुग्णांत गुठळीचे अवशेष धमन्यांत राहून फुफ्फुसातला रक्तदाब वाढतो, आणि त्यासाठी पुन्हा टू-डी इको व गरजेप्रमाणे व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचते ते दाखवणारे) करावे लागते. वेळीच कळले, तर त्यावर इलाज आहेत.

अनेकांना काही महिन्यांनी दुसऱ्या गुडघ्याचेही रोपण करायचे असते. ते करता येते का, कधी करावे आणि त्या वेळी प्रतिबंधक औषध किती दिवस द्यावे, हे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि गुठळीवर उपचार करणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचे असते. त्यासाठी पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, सीटीचा अहवाल, इकोचे अहवाल आणि औषधांच्या तारखा एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि दुसरे रुग्णालय निवडले असेल, तर नाव नोंदवण्याच्या दिवशीच ती फाइल पुढे करावी.