ब्लॅकबेरीची पानं पिवळी पडली की लगेच पंप उचलू नका, या चुका टाळा

महाबळेश्वरला गेलं की येताना स्ट्रॉबेरीच्या पेटीबरोबर नर्सरीतनं एखादं ब्लॅकबेरीचं रोप आणायचं, हे आपल्याकडं बरेच जण करतात. मीपण तशीच तीन रोपं आणली आणि मिरजेत घरामागं लावली. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी पाऊस संपता संपता शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार, पानावर जाळी काढल्यासारख्या. मी काय केलं, तर आधी मूठभर युरिया टाकला, फरक पडेना म्हणून दुकानातनं बुरशीनाशक आणून मारलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून चुलीतली राख बुडाला घातली. तिन्ही गोष्टी चुकीच्या आणि राख तर सगळ्यात वाईट.

आधी हे बघा, पिवळं पान वरचं आहे का खालचं. निम्मं निदान इथंच होतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. जुन्या पानाच्या शिरांमधला भाग पिवळा आणि कड हिरवी राहिली असेल तर मॅग्नेशियमची कमतरता. आणि शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. माझं हे तिसरं होतं. मातीत लोह नसतं असं नाही, असतं पण झाडाला घेता येत नाही, कारण ब्लॅकबेरीला साधारण साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएचची) म्हणजे जरा आंबट माती लागते. महाबळेश्वरची जांभ्या दगडाची लाल माती तशीच आहे. आपली मिरज, तासगावकडची काळी जमीन चुनखडीची, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, त्यात मी राख घातली म्हणजे सामू अजून वर. खात्री करायची असेल तर वाळलेली माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता, फसफसलं तर चुना भरपूर आहे.

अजून एक साधी परीक्षा मला फार आवडते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवा आणि कापसाच्या बोळ्यानं एकाच पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर संध्याकाळी लावा, खूण म्हणून देठाला दोरा बांधा. माझ्या झाडावर आठवड्याभरानं लावलेली बाजू हिरवी झालेली आणि दुसरी तशीच पिवळी, मधली शीर म्हणजे जणू बांध घातलाय. त्या पानाकडं बघून मला माझे वाया गेलेले दोन महिने आठवले.

मग उपाय काय? हिराकस नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीत बसून जातं. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, मागताना ते ईडीटीए प्रकारचं का ईडीडीएचए ते विचारा. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचएच टिकतं, पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. मात्र हा वरचेवर द्यायचा डोस झाला. कायमचं हवं असेल तर लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट घालून उंच वाफा करा नाहीतर मोठ्या ड्रममध्ये लावा. चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवायच्या नादाला लागू नका, सगळा चुना संपेपर्यंत तो हलत नाही. जमलं तर पावसाचं पाणी साठवून द्या. वाफ्यावर उसाचं पाचट पसरलं की ओलावाही राहतो.

सगळं झाड एकदमच मलूल होऊन पिवळं पडतंय आणि बुडाशी माती ओली आहे, तर पाणी वाढवू नका, तिथंच बऱ्याच जणांचं चुकतं. पाणी साठून मुळं कुजलेली असतात. उकरून बघा, मुळं काळी आणि मऊ लागली तर निचरा करा. उकरताना पांढरी वाकडी अळी दिसली तर ती हुमणी, उसात येते तीच, मुळं कुरतडते.

आता उसाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, याच्याकडं आपलं फार दुर्लक्ष होतं. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की वाऱ्यानं ते उडून येतं आणि ब्लॅकबेरीची नवी पानं पंख्यासारखी चुरगळतात, शिरा जवळजवळ येतात. लोक त्याला व्हायरस समजून झाड उपटतात. थोडंच लागलं असेल तर नवीन फूट चांगली येते, थांबून बघा. आणि तणनाशकाचा पंप दुसऱ्या कुठल्याही फवारणीला वापरू नका, धुतला तरी नाही. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ठिपके असतील तर पान उलटं करा. मार्च ते मेमध्ये वरून बारीक पांढरट टिपके आणि मागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालायला लागले की समजा. सकाळी पानाच्या मागून पाण्याचा जोरात फवारा द्या, संध्याकाळी नीमतेल. भर उन्हात गंधक मारू नका, पानं भाजतात. कडेला जांभळट आणि मध्ये राखाडी असे गोल डाग म्हणजे बुरशी, पाइपानं पानांवरून पाणी घालायची सवय आणि काड्यांची गर्दी यामुळं वाढते. झाडाला चार-पाच दमदार काड्या पुरे. पानाच्या पाठीवर सगळीकडं भगवी पावडर आणि फूटही बारीक, फिकट असेल तर तो तांबेरा मुळापर्यंत गेलेला असू शकतो, तेव्हा झाड मुळासकट काढून जाळा, फवारून ते बरं होत नाही.

आणि हो, फळं देऊन झालेल्या काडीची पानं तांबूस होऊन वाळत असतील तर तो रोग नाही. ब्लॅकबेरीची काडी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळं देते आणि मरते. ती जमिनीलगत छाटा, पण शेजारची हिरवी नवी काडी कापू नका, पुढच्या वर्षीची फळं तिच्यावरच येणारेत. मी आता नव्या काडीला लाल सुतळी बांधून ठेवतो, म्हणजे छाटणीला दुसरं कुणी आलं तरी घोटाळा होत नाही.