सीमेन फ्रीझिंगवर काम करायचंय? आधी सेमिनल प्लाझ्मा समजून घ्या

पशुप्रजननात पीजी किंवा पीएचडीला नुकतेच लागलेले बरेच जण विचारतात की सीमेन (वीर्य) फ्रीझिंगमध्ये सुरुवात कुठून करू, आणि त्यांचं डोकं आधीच ग्लिसरॉल (गोठताना शुक्राणूंना जपणारा द्रव) किती टक्के, कुठलं नवीन अँटिऑक्सिडंट घालू यात अडकलेलं असतं. ग्लिसरॉल महत्त्वाचं आहेच, १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी त्याचा उपयोग दाखवला म्हणून तर हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. पण नवीन माणसाने पहिला महिना सेमिनल प्लाझ्मा वाचण्यात घालवावा असं मी मनापासून सांगेन, म्हणजे शुक्राणू ज्या द्रवात मिसळून बाहेर येतात तो. कारण तुम्ही एक्स्टेंडर (सीमेन पातळ करून शुक्राणू जपणारं मिश्रण) घालायच्या आधीच त्या द्रवाने आपलं काम सुरू केलेलं असतं.

पहिला प्रश्न एवढाच, की प्राणी कुठला? प्लाझ्मा चांगला की वाईट असं सरसकट उत्तर नाहीच.

बोकडाचं उदाहरण घ्या, मला तर ते सगळ्यात शिकवणारं वाटतं. बोकडाच्या कावपर ग्रंथीतून फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम येतं, ते अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन फोडून त्याचं लायसोलेसिथिन करतं आणि ते शुक्राणूंना मारक ठरतं. मग म्हणाल बलक नको, दूध वापरू, तर त्याच ग्रंथीतला आणखी एक लायपेज दुधातल्या फॅटवर काम करून ओलेइक ॲसिड सोडतो. मायक्रोस्कोपखाली आधी ताजं सीमेन बघा, लाटा अक्षरशः उसळत असतात, मग तेच न धुता दुधाच्या एक्स्टेंडरमध्ये ३७ अंशाला ठेवून थोड्या थोड्या वेळाने बघत राहा, सरळ पुढे जाणारे आधी जागच्या जागी वळवळायला लागतात आणि मग हलायचे थांबत जातात. म्हणून बोकडाचं सीमेन बऱ्याच ठिकाणी सेंट्रीफ्यूज करून धुतात किंवा बलकाचं प्रमाण अगदी कमी ठेवतात.

आता वळूकडे या. तिथे प्लाझ्मात बीएसपी नावाची प्रोटीन्स असतात, ती शुक्राणूच्या पडद्याला चिकटतात आणि त्यातलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड बाहेर काढतात. मादीच्या शरीरात हे हवंच असतं, कपॅसिटेशन (शुक्राणू फलनासाठी तयार होणं) त्यानेच पुढे सरकतं, पण ट्यूबमध्ये हे तासन्‌तास चालू राहिलं तर पडदा कमजोर होतो आणि असा पडदा थंडी सोसत नाही. बलकातलं एलडीएल (फॅट आणि प्रोटीनचे बारीक कण) या प्रोटीन्सना पकडून ठेवतं, म्हणून वळूचं सीमेन न धुताच बलकाच्या एक्स्टेंडरमध्ये छान फ्रीझ होतं. म्हणजे बघा, तोच बलक बोकडात घात करतो आणि वळूत वाचवतो, आणि फरक कशाचा तर प्लाझ्माचा! हे एकदा पक्कं समजलं की कुठलाही प्रोटोकॉल वाचताना त्यातली पायरी का आहे ते आपोआप दिसायला लागतं.

घोड्यात प्लाझ्मा भरपूर, म्हणून सेंट्रीफ्यूज करून बहुतेक काढून टाकतात पण पूर्ण नाही, साधारण ५ ते २० टक्के ठेवतात. वराहात स्पर्म-रिच भाग वेगळा गोळा करतात. मेंढ्यात उलट, थॉ केल्यावर, म्हणजे वितळवल्यावर, प्लाझ्मा परत घातला तर थंडीने झालेले काही बदल मागे फिरतात असं दिसलंय, पण निकाल सगळीकडे सारखे नाहीत कारण नर वेगळा, ऋतू वेगळा, प्लाझ्मा गोळा करायची पद्धत वेगळी. असे उलटसुलट पेपर वाचून घाबरू नका, प्रत्येक पेपरमध्ये शुक्राणू प्लाझ्मात किती वेळ राहिले तेवढं आधी शोधा, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

प्रयोग आखताना एका गोष्टीवर मी हट्टाने अडून बसतो, ती म्हणजे कंट्रोल. न धुतलेलं विरुद्ध धुतलेलं एवढे दोनच ग्रुप ठेवले तर फरक प्लाझ्मा गेल्याचा की सेंट्रीफ्यूजच्या माराचा ते कळणारच नाही, म्हणून तिसरा ग्रुप हवा, धुऊन त्यात त्याच नराचा प्लाझ्मा परत घातलेला. आणि एकाच एजॅक्युलेटचे (एका वेळी मिळालेल्या सीमेनचे) भाग करून सगळ्या ग्रुपना वाटा. सगळ्या नरांचं सीमेन एकत्र मिसळायचा, म्हणजे पूल करायचा मोह होतो, काम सोपं होतं ना, पण काही नरांचं सीमेन मुळातच चांगलं फ्रीझ होतं आणि काहींचं नाही, ती माहिती पूलमध्ये बुडून जाते.

प्लाझ्मा साठवायचा असेल तर दोनदा सेंट्रीफ्यूज करा, एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघून एकही शुक्राणू राहिला नाही याची खात्री करा, मगच छोट्या छोट्या भागांत फ्रीझ करा, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. थॉ केल्यावर फक्त मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) बघून थांबू नका, हॉस टेस्ट करा (शुक्राणू कमी क्षारांच्या द्रावणात ठेवायचे, शेपटी वळली म्हणजे तिथला पडदा शाबूत), ॲक्रोसोम (शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी) बघा आणि ३७ अंशाला दोन तास ठेवून पुन्हा मोजा, कारण लगेच छान दिसणारा नमुना दोन तासांत पार ढेपाळू शकतो आणि प्लाझ्माचा खरा परिणाम अनेकदा तिथेच दिसतो.

विषय ठरवायच्या आधी गाईडला स्पष्ट विचारा की नर किती आहेत, त्यांचं कलेक्शन नियमित मिळेल का आणि थॉ केलेल्या सीमेनने एआय (कृत्रिम रेतन) करायची सोय आहे का. शेवटची सोय नसेल तर थिसिसच्या नावात फर्टिलिटी हा शब्द घालू नका, मोटिलिटी वाढली म्हणजे गाभण राहण्याचं प्रमाण वाढलंच असं नसतं, ते वेगळं मोजावं लागतं आणि त्यासाठी माद्या खूप लागतात.