पावसाळ्यात घाटात जाताना हवामानाचं ॲप कसं निवडावं

जून उजाडला की ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न येतो: "सगळ्यात अचूक ॲप कुठलं?" मग कुणीतरी स्टोअरमधले तारे मोजून उत्तर देतं. ते तारे जगभरातल्या लोकांनी दिलेले असतात. ताम्हिणीतला पाऊस त्यातल्या कितीजणांनी अंगावर घेतलाय?

दोन ॲप पुरतात. एक हवामान विभागाचं 'मौसम', आणि दुसरं कुठल्या मॉडेलचा (म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालीचा) अंदाज आहे ते स्पष्ट सांगणारं, उदाहरणार्थ 'विंडी'. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' टाकून ठेवा. पाच ॲप टाकून बहुमत घेण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. त्यातली बरीचशी एकाच मॉडेलच्या आकड्यांवर चालतात. एकाच पातेल्यातली आमटी पाच वाट्यांत वाढून मीठ बरोबर आहे का विचारण्यातला हा प्रकार.

आता खरी मेख. माणसं फसतात ती जागा निवडताना. ॲपमध्ये 'पुणे' टाकायचं, 'हलका पाऊस' वाचायचं आणि घाटात जाऊन चिंब व्हायचं, हे दर शनिवारी चालतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्याही आत. शिवाय युरोपचं नावाजलेलं जागतिक मॉडेलसुद्धा साधारण नऊ किलोमीटरच्या चौकटीला एक आकडा देतं. तेवढ्या चौकटीत कोकणातलं गाव, कडा आणि घाटमाथा तिन्ही मावतात, त्यामुळे कड्यावरचा पाऊस अंदाजात पातळ होऊन येतो.

म्हणून गावाचं नाव टाकूच नका. नकाशा मोठा करून बोट दाबून धरा आणि तीन ठिकाणं पाहा: पायथ्याचं कोकणातलं गाव, घाटमाथा आणि घाटाच्या पूर्वेला जिथून निघणार ते ठिकाण. तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा धरायचा. सरासरी काढत बसू नका, पाऊस सरासरीने पडत नाही. मग त्याच ठिकाणासाठी मॉडेलांची तुलना उघडा: युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकी जीएफएस, जर्मन आयकॉन. तिघं जवळपास एकच बोलत असतील तर बेत पक्का करायला हरकत नाही. एक 20 आणि दुसरं 120 मिमी म्हणत असेल, तर निर्णय आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवा. पाच दिवसांनंतरचा तासातासाचा अंदाज तर वाचूच नये, ती निव्वळ करमणूक आहे.

टक्के सोडा, मिलिमीटर बघा. '80 टक्के पाऊस' म्हणजे पाऊस येण्याची शक्यता, किती येईल ते त्यात कुठेच नसतं. हवामान विभागाच्या हिशेबात 24 तासांत 64.5 मिमीपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्यावर जुलैत पहिली पायरी ही रोजची गोष्ट आहे. दुसरी दिसली की मी ओढा ओलांडावा लागणारी वाट घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे जिल्ह्यापुरते असतात, आणि लोणावळा व बारामती एकाच जिल्ह्यात आहेत. अंदाजात घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख असेल तर तोच वाचा.

निघायच्या सकाळी तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि रडारचं चित्र पाहा. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर आत्ताचे ढग रात्रीचे समजाल. रडारवर कोरं दिसलं म्हणून घाट कोरडा असं मात्र नाही. रडारपासून लांब जाल तसा त्याचा झोत उंचावरून जातो आणि घाटातले खालचे ढग त्याच्या नजरेतून सुटतात.

नेटवर्क जायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, आणि अंदाज शेवटचा कधी अद्ययावत झालाय ते तपासा.

शेवटी मुक्कामाच्या गावात एक फोन लावा. "पाऊस आहे का?" असं विचारू नका, "आहे थोडाफार" एवढंच उत्तर येईल. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जातंय का आणि सकाळची एसटी आली का, ते विचारा.